आठ महिने वापरलेलं वॉशिंग मशीन: धुतं झकास, वागतं माजोरडं

सुरुवातीलाच सांगून टाकते, कपडे स्वच्छ निघतात. कॉलर, बाह्या, मुलीचे खेळाचे मोजे, सगळं. आवाज कमी आहे, स्पिनला मशीन जागचं हलत नाही, पाणीही जुन्यापेक्षा कमी लागतं असं वाटतं. फ्रंट लोड आहे. ज्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल, खुशाल घ्या.

मी लिहितेय ते मशीनच्या कपाळावरच्या त्या काळ्या चकचकीत पट्टीबद्दल. म्हणजे जिथे आपण मशीनला काय हवंय ते सांगायचं आणि मशीनने आपल्याला काय चाललंय ते सांगायचं, ती जागा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण घेताना जी बाकीची पाहिली त्यांच्या पट्ट्याही साधारण याच वळणाच्या होत्या, एकालाच फासावर चढवून उपयोग नाही. आणि हो, माझं पोटापाण्याचं काम ॲपच्या स्क्रीन आखायचं आहे, इंटरॅक्शन डिझाईन म्हणतात त्याला, त्यामुळे थोडी धंद्याची खोड आहे हे मान्य. पण घरात हे मशीन सगळ्यात जास्त आई वापरते आणि तिला असली काही खोड नाही.

तर तिसऱ्याच आठवड्यात मशीन बिघडलं. म्हणजे आईच्या मते बिघडलं. मी ऑफिसात, फोन आला, "अगं काहीही दाबलं तरी नुसतं टूं टूं करतंय, आणि वर सीएल सीएल दाखवतंय. मी काही केलं नाहीये हां." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. घरी येऊन मीही दाबून पाहिलं, टूं टूं. प्लग काढून लावला, टूं टूं. सर्विसला फोन केला, दुसऱ्या दिवशी टेक्निशियन आला, दोन बोटं दोन ठिकाणी ठेवली, तीन सेकंद धरली, म्हणाला "मॅडम, चाइल्ड लॉक लागलं होतं," आणि सहीला फॉर्म पुढे केला. आई बिचारी इतकी ओशाळली की त्याला चार वेळा सॉरी म्हणाली.

आता हे लागलं कसं? आई धुणं झालं की ओलसर फडक्याने पट्टी पुसते. स्वच्छ, चकचकीत, काळी पट्टी म्हटल्यावर माणूस पुसणारच ना. पुसताना फडकं टेंपरेचर आणि स्पिन या दोन टच-जागांवर एकदम तीन सेकंद राहिलं की लॉक लागतं. त्या दोन जागांच्या मधे कुलपाचं एक चित्र आहे, काळ्यावर करड्या रंगात, एवढं बारीक की मला ते मोबाईलने फोटो काढून मोठं करून बघावं लागलं. म्हणजे लॉक लागतं नकळत आणि निघतं ते फक्त ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच. आणि आमच्या घरातलं चाइल्ड सोळा वर्षांचं आहे, ते मशीनच्या जवळपासही फिरकत नाही.

आमच्या धंद्यात याला मोडची भानगड म्हणतात. तेच बटण, तेच बोट, पण यंत्र वेगळ्या मोडमध्ये आहे म्हणून परिणाम वेगळा. कॅप्स लॉक चालू राहून पासवर्ड चुकतो तेच. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर नावाचे गृहस्थ होते, कट-कॉपी-पेस्ट आपल्या हाताशी आलं त्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांना या मोड प्रकाराचा इतका तिटकारा होता की गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'नो मोड्स' असं लिहून घेतलं होतं. मोड अजिबात नसावेत असं मी म्हणत नाही, चाइल्ड लॉक ज्यांच्या घरी रांगतं पोर आहे त्यांना हवंच. पण मोड लागलाय हे ठसठशीत दिसलं पाहिजे आणि त्यातून बाहेर कसं यायचं हे तिथेच कळलं पाहिजे. सीएल या दोन अक्षरांनी काय कळणार? त्या डिस्प्लेवर चार अक्षरं मावतात, 'लॉक' असं इंग्रजीत लिहायला चारच लागतात. कोणाला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि कोणी विचारलं नाही.

आईचं ते "मी काही केलं नाहीये हां" मला जास्त लागलं. डॉन नॉर्मन म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, पुढे १९९३ ला ॲपलमध्ये गेले आणि स्वतःच्या हुद्द्याच्या नावातच 'युजर एक्स्पीरियन्स' हे शब्द घालून घेतले. त्यांनी १९८८ सालीच लिहून ठेवलंय की साध्या वस्तू वापरता आल्या नाहीत की माणसं स्वतःला दोष देतात, मीच वेंधळा, मलाच मशीनमधलं कळत नाही. ढकलायचं की ओढायचं हे कळत नाही अशा दरवाज्याला आता लोक त्यांचंच नाव देऊन नॉर्मन डोअर म्हणतात. तरी दरवाजा निदान फजिती करून सोडून देतो. हे मशीन रोज नव्याने परीक्षा घेतं.

नॉर्मननी दोन दऱ्या सांगितल्यात, मी त्यांना माझ्यापुरतं करण्याची दरी आणि कळण्याची दरी म्हणते. मला काय हवंय ते मनात आहे पण यंत्राला ते कसं सांगू हे कळत नाही, ही पहिली. सांगितलं खरं, पण आता यंत्र काय करतंय, ऐकलं की नाही ऐकलं हे कळत नाही, ही दुसरी. चांगल्या वस्तूत दोन्ही दऱ्यांवर पूल असतात. या मशीनला पहिल्या दरीवर अर्धा पूल आहे आणि दुसरीवर एक दोरी.

अर्धा पूल म्हणजे मधला गोल नॉब. हा मला मनापासून आवडतो. फिरवला की टक टक असे टप्पे बोटाला लागतात, प्रत्येक टप्प्यापुढे प्रोग्रामचं नाव आणि छोटा दिवा. कॉटन, मिक्स, नाजूक, लोकर, पटकन, फक्त स्पिन. आई चष्मा नसताना टप्पे मोजून लावते, चौथा टक म्हणजे तिचा रोजचा. वस्तूच्या घडणीतूनच तिच्याशी काय करता येईल ते जाणवावं याला अफॉर्डन्स म्हणतात, शब्द गिब्सन या मानसशास्त्रज्ञाचा, नॉर्मननी तो डिझाईनमध्ये आणला आणि मग सगळ्यांनी इतका वाटेल तसा वापरला की त्यांनाच पुढे 'सिग्निफायर' हा दुसरा शब्द पुढे करावा लागला, म्हणजे इथे दाबा हे सांगणारी खूण. नॉबला खूण वेगळी लावावी लागत नाही, तो हातात घेतला की फिरवावासाच वाटतो. आणि नॉबच्या उजवीकडे काय? सपाट काच. तिच्यावर सात टच-जागा, ना उंचवटा ना खोलगा, सगळ्या एकाच मापाच्या. अफॉर्डन्स शून्य, खुणा करड्या.

आता मला सांगा, कपडे धुणाऱ्या माणसाचे हात कसे असतात? ओले! बादलीतले भिजवलेले कपडे पिळून आत टाकले, दार लावलं आणि त्याच हाताने स्टार्ट दाबायला गेलो की काच ऐकत नाही. पाण्याचा थेंब पडला की उलट भलतंच काहीतरी ऐकते. मोबाईलची स्क्रीन पावसात जशी वेड्यासारखी वागते तसंच, कारण तंत्र तेच, बोट टेकल्याने विजेच्या क्षेत्रात होणारा फरक ती ओळखते आणि पाणीही वीज वाहून नेतं. म्हणजे आधी हात पुसा, मग काच पुसा, मग दाबा, आणि काच पुसताना चाइल्ड लॉक लागू नये म्हणून जपा. पाण्याच्या यंत्राला पाणी चालत नाही, हा विनोद मी आठ महिने रोज करतेय, घरात आता कोणी हसत नाही.

ह्याला कोणी छोटी कुरबुर म्हणेल. मी नाही म्हणणार. वापरसुलभता म्हणजे काय याची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, आयएसओ ९२४१ चा भाग ११. त्यात तीन गोष्टी बघायला सांगितल्यात, काम होतं का, किती कष्टात होतं, आणि माणूस समाधानी आहे का. पण त्या तिन्हींच्या आधी एक अट आहे, ठराविक माणसं, ठराविक काम, ठराविक परिस्थिती. नुसतं 'वापरायला सोपं' असं हवेत काही नसतं. एसी ऑफिसात कोरड्या हाताने, प्रकाशात, डेमो बघणाऱ्या मॅनेजरसाठी ही पट्टी सोपीच आहे. बाल्कनीत, अर्ध्या उजेडात, ओल्या हाताने, साठीच्या बाईसाठी नाही. दोन्ही वाक्यं एकाच मशीनबद्दल खरी आहेत, आणि रोज वापरणारी ही दुसऱ्या वाक्यातली आहे. युजर सेंटर्ड डिझाईन, म्हणजे वापरणाऱ्याला मधे ठेवून केलेलं डिझाईन, म्हणजे नक्की काय असं नवीन पोरं मला विचारतात तेव्हा मी आता मशीनची हीच गोष्ट सांगते.

पुढचं गाऱ्हाणं पॉवर आणि स्टार्ट. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही सारखे गोल, दोन्हीत सारखाच पांढरा दिवा, फरक आतल्या चित्रात. मधे अंतर माझ्या बोटाच्या रुंदीपेक्षा कमी. धुणं थोडं थांबवून राहिलेला एक रुमाल टाकायचा म्हणून स्टार्ट-पॉज दाबायला जावं आणि बोट पॉवरवर पडावं, की संपलं. मशीन बंद. परत चालू केलं की जणू काही झालंच नाही असं चेहरा करून कॉटनवर उभं. आधीचा प्रोग्राम, किती झालं होतं, काही आठवत नाही. साबणाचं पाणी पोटात तसंच, दार उघडत नाही. एकदा विचारायला काय जातं, 'बंद करू का?' किंवा न विचारता निदान जिथे होतो तिथून पुढे सुरू कर ना. गंमत म्हणजे लाईट गेली तर ते जिथे होतं तिथून पुढे सुरू करतं! म्हणजे लक्षात ठेवता येतं त्याला. माणसाच्या चुकीपेक्षा वीज कंपनीची चूक त्याला जास्त माफ आहे.

ही असली चूक फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची, इंजिन ठीक, सगळं ठीक. चूक पायलटची असंच धरून चालले होते. १९४३ च्या सुमाराला अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं तर पंखाच्या फ्लॅपचा स्विच आणि चाकांचा स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे. दमलेला पायलट फ्लॅप वर घ्यायला जायचा आणि चाकं वर घ्यायचा. त्याने उपाय काय केला, तर चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक चिकटवलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. हाताला कळलं, चूक थांबली. पायलटांना नवीन ट्रेनिंग नाही, जास्त लक्ष द्या अशा सूचना नाहीत. ऐंशी वर्षं झाली याला, आणि माझ्या मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय, 'पॉवर दाबताना काळजी घ्यावी.'

मी काय केलं सांगते. स्टार्टवर लाल नेलपॉलिशचा जाड थेंब लावला, वाळल्यावर बोटाला उंचवटा लागतो. पॉवरच्या कडेने जाड चिकटपट्टीची चौकट. दिसायला भिकार दिसतं. त्या दिवसापासून चुकीचं बटण एकदाही दाबलं गेलं नाही. आणि हो, दोन्ही लावलं तरी टच चालतो, कोणाला करायचं असेल तर थर बेताचाच ठेवा, फार जाड झाला तर ओळखत नाही.

आता कळण्याची दरी, जिथे फक्त दोरी आहे म्हटलं ती. स्टार्ट दाबलं की मशीन लगेच काहीच करत नाही. आवाज नाही, दिवा नाही, साधारण सेकंद-सव्वा सेकंदाने टिंग वाजतं. ऐकायला सेकंद म्हणजे काहीच नाही ना? पण आमच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे, ०.१ सेकंदाच्या आत उत्तर मिळालं तर माणसाला वाटतं मीच केलं, सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही पण उशीर जाणवतो, आणि १० सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जातं. इथे त्या सेकंदात काय होतं, तर नवरा, तो आधीच उतावळा, दाबलं गेलं नाही समजून परत दाबतो. पहिल्या दाबण्याने सुरू, दुसऱ्या दाबण्याने पॉज. टिंग टिंग वाजतं, तो खुश होऊन निघून जातो, आणि तासाने मी बघते तर कपडे कोरडे ठणठणीत. सुरू होताना आणि थांबताना एकच टिंग, बरं का. दोन वेगळे सूर द्यायला काय लागतं!

आणि टिंगचा अर्थ तरी काय? एकदा नळ बंद राहिला होता. स्टार्ट दाबलं, टिंग, दार लॉक, वेळ १:१२, दिवा फिरायला लागला, सगळं चालू असल्याचं सोंग व्यवस्थित. पाणी येत नाही हे त्याने कित्येक मिनिटांनी एक आकडी-अक्षरी कोड दाखवून सांगितलं. म्हणजे टिंगचा अर्थ 'धुणं सुरू झालं' नसून 'तुमचा हुकूम पोचला' एवढाच. हा फरक क्षुल्लक वाटत असेल तर थ्री माइल आयलंड आठवा, पेनसिल्व्हेनियातलं अणुवीज केंद्र, २८ मार्च १९७९. तिथे एक झडप उघडी अडकून राहिली होती, आणि कंट्रोल रूममधला दिवा झडप बंद आहे असं वाटायला लावत होता, कारण तो दिवा झडप खरंच बंद झाली का हे दाखवतच नव्हता, बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ थंड करणारं पाणी निसटत राहिलं. ऑपरेटर मूर्ख नव्हते, दिव्याने जे सांगितलं ते त्यांनी धरलं. माझ्या बाल्कनीत अणुभट्टी नाही हे मान्य, पण चूक जातीने तीच आहे आणि आज ती करायला काही कारण नाही.

उरलेली वेळ हा तर वेगळाच अध्याय. १ मिनिट राहिलं असं दाखवतं आणि ते १ मिनिट कधी कधी दहा-बारा मिनिटं चालतं. कारण मला कळतं, ड्रममध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की ते स्पिन न करता आधी कपडे सारखे करायला बघतं, परत परत. चांगलंच आहे, करावंच. पण मग तसं दाखव की बाबा. 'कपडे सारखे करतोय' एवढं कळलं तर मी तिथे उभी राहणार नाही. आई त्या १ मिनिटावर विश्वास ठेवून पिशवी घेऊन समोर उभी असते, दाराशी.

आणि डिले. हे सगळ्यात गमतीचं. रात्री कपडे टाकून ठेवायचे, सकाळी धुऊन तयार पाहिजेत. डिले दाबलं, आकडा वाढत जातो, ३, ४, ५... मी ८ वर ठेवलं. आता ८ म्हणजे काय? आठ तासांनी सुरू होईल? आठ तासांनी संपेल? सकाळी आठला? घरात तिघांना विचारलं, तीन उत्तरं आली, आणि प्रत्येकाला आपलं उत्तर उघडच वाटत होतं. खरं उत्तर, आठ तासांनी संपेल. माणूस आकडा बघून डोक्यात एक चित्र तयार करतो आणि त्या चित्राप्रमाणे वागतो, डिझायनरच्या डोक्यातलं चित्र वेगळं असेल तर त्याचा काय उपयोग, तो काही आपल्या बाल्कनीत येऊन समजावणार नाही. जे काही समजायचं ते पट्टीवरच दिसायला हवं. 'सकाळी ७ वाजता तयार' असं दाखवलं असतं तर एकाही माणसाला पुस्तिका उघडावी लागली नसती, पण त्यासाठी मशीनला घड्याळ हवं, आणि गंमत अशी की त्याला वायफाय आहे, घड्याळ दाखवायची सोय नाही.

वायफाय आलं म्हणजे ॲप आलंच, त्यावर फार वेळ घालवत नाही. खातं उघडा, ओटीपी, लोकेशनची परवानगी (वॉशिंग मशीन पळून जाणारे का?), मग कुठूनही मशीन सुरू करा. पण त्याआधी मशीनपाशी जाऊन कपडे टाकायचे, साबण घालायचा, दार लावायचं आणि रिमोट स्टार्टची जागा दाबून ठेवायची. एवढं सगळं करून उभ्या उभ्या स्टार्ट दाबण्याऐवजी आत जाऊन सोफ्यावरून दाबायचं, हे नक्की कोणासाठी केलंय ते मला आजवर सापडलेलं नाही. सॉफ्टवेअर डिझायनर ॲलन कूपर यांनी १९९० च्या दशकात पर्सोना ही कल्पना रुळवली, म्हणजे खऱ्या माणसांना भेटून, त्यांचं बघून, त्यावरून एक नमुन्याचं माणूस उभं करायचं आणि प्रत्येक निर्णयाला विचारायचं, याला हे लागेल का. या ॲपचा पर्सोना कोणीतरी मीटिंगमध्ये बसून मनाने रंगवलाय असं वाटतं. एक गोष्ट चांगली, कोड आला की ॲप त्याचा अर्थ सरळ वाक्यात सांगतं, नळ तपासा, फिल्टर साफ करा. तेवढ्यासाठी ठेवलंय.

मध्ये एका रविवारी मी घरातच टेस्ट घेतली. आम्ही चौघं, त्यात मी बाद, कारण मला सगळं माहीत. म्हणून आई, नवरा, मुलगी आणि शेजारच्या दोघी, पाच झाल्या. पाचच का, तर वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा प्रसिद्ध हिशेब आहे की पाच माणसांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. त्या आकड्यावर भांडणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणंही रास्त आहे, कामं आणि माणसं वेगवेगळी असली की पाचात भागत नाही, पण शून्य माणसांपेक्षा पाच केव्हाही बरी यावर कोणाचं भांडण नाही. प्रत्येकाला एकच सांगितलं, हे कपडे उद्या सकाळी सातला धुतलेले हवेत, कर, आणि करताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. आणि मी गप्प. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड असतं, माणूस चुकीच्या जागी बोट नेतंय हे दिसत असतं आणि जीभ दाताखाली धरून बसायचं.

आई म्हणाली, "सातला म्हणजे सात दाबायचं." दाबलं, निघून गेली. शेजारच्या एकीने फुलाचं चित्र बघून विचारलं, "हे फूल म्हणजे नाजूक कपडे का?" ते साबणाच्या खणातलं सॉफ्टनरचं चित्र. दुसरी काचेकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बटणं कुठायत?" तोवर पट्टी झोपलेली होती, पॉवर दाबेपर्यंत तिच्यावर काहीच उमटत नाही. नवऱ्याने दोनदा दाबलं, अपेक्षेप्रमाणे. मुलीने ॲपमधून केलं आणि जमवलं, एकटीने. पाचात एक. पण मला टोचलं ते हे की ज्या चौघांना जमलं नाही त्या चौघांनीही शेवटी हसून एकच वाक्य म्हटलं, मला नाही बाई या मशीनमधलं कळत. नवऱ्याने 'बाई' सोडून बाकी तेच.

नंतर एसयूएस भरून घेतला, जॉन ब्रूक यांनी १९८६ ला केलेली, वस्तू वापरायला किती सोपी वाटली ते मोजणारी दहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली, गुण ० ते १००, टक्केवारी नव्हे, ६८ ला साधारण सरासरी मानतात. मुलगी ७७.५, नवरा ५५, आई ३०, शेजारच्या ३५ आणि ४२.५. सरासरी काढली तर ४८. पण सरासरीत मजा नाही, ती कोणाचीच नसते. कंपनीने जर मुलीसारखी पाच माणसं धरून आणली असतील तर त्यांना आपलं मशीन उत्तम वाटलं असणार आणि त्यात त्यांनी खोटं काही केलं असंही म्हणता येणार नाही. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस या संशोधकांनी १९८५ सालीच तीन गोष्टी मांडल्यात, पहिल्यापासून खऱ्या वापरणाऱ्यांकडे आणि त्यांच्या कामाकडे बघा, मोजून बघा, आणि चुका सापडल्या की परत करा, परत बघा. तिन्ही माहीत नसलेला डिझायनर आज सापडायचा नाही, मी स्वतः इंटरव्ह्यूत घडाघडा म्हटलेत. अवघड पडतं ते पहिल्यातलं 'खऱ्या'. आमच्याकडेही डेडलाईन आली की वापरणारा म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा माणूस असतो. त्यामुळे या मशीनच्या टीमला शिव्या देताना जीभ जरा अडखळते माझी.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी एक-दोन कामाच्या गोष्टी. दुकानात मशीन बंदच असतात, पट्टी काळीच दिसते, प्लग लावून चालू करायला लावा. बोट ओलं करून दाबून बघा, विक्रेता विचित्र बघेल, बघू दे. त्याला म्हणा काहीही सांगू नको, आणि 'आत्ता सुरू केलं तर किती वाजता संपेल' हे स्वतः शोधा. मधेच थांबवून एक कपडा टाकायचं करून बघा. पॉवर आणि स्टार्ट डोळे मिटून हाताने वेगळे कळतात का ते बघा. घरात जे माणूस खरंच धुणं लावतं त्याला बरोबर न्या आणि स्वतः दोन पावलं मागे उभे राहा. आम्ही आईला नेलंच नव्हतं, मी आणि नवरा गेलो, रंग बघितला, किलो बघितले, स्पिनचे आरपीएम बघितले आणि आलो. धंद्याने डिझायनर असून. पट्टीला मी हातही लावला नव्हता.

तर धुण्याला साडेचार स्टार, वागण्याला दोन, त्यातला एक पूर्ण नॉबचा. परत घेईन का, खरं सांगायचं तर कदाचित घेईन, कारण कपडे खरंच छान निघतात आणि नेलपॉलिश घरात आहे.

परवा परत सीएल लागलं होतं. मी ऑफिसातून आले तर आई म्हणाली, "लागलं होतं गं, काढलं मी," आणि फडकं वाळत टाकायला गेली. ती आता पट्टी पुसायच्या आधी प्लग काढते. त्या पहिल्या सर्विस कॉलनंतर कंपनीकडून अभिप्रायाचा मेसेज आला होता, तो अजून फोनमध्ये आहे, त्यात प्रश्न एकच होता, आमचे टेक्निशियन वेळेवर आले का. आले होते, म्हणून मी हो दाबलं.